सूर्योदय-सूर्यास्तासोबत पणजीचे दिनमानही छापावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा प्रसिद्ध होतात. त्यांच्या शेजारी त्या दिवसाचे दिनमान, म्हणजे उदयापासून अस्तापर्यंतचा काळ, तास-मिनिटांत द्यावे आणि तिन्ही आकडे पणजीचेच असावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी किरकोळ वाटेल. परंतु नुसत्या सूर्योदयाच्या वेळेवरून दिवस वाढतो आहे की घटतो आहे याचा अंदाज बांधला, तर तो किती चुकू शकतो, हे संक्रांतीच्या आसपासचे आकडे पाहिले की ध्यानात येते.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वास्तविक वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरलाच होऊन गेलेला असतो आणि संक्रांत येईपर्यंत गोव्यातला दिवस सुमारे पाच मिनिटांनी वाढलेलाही असतो. पहाटे उठणाऱ्याला मात्र याच्या उलट अनुभव येतो. पणजीत २१ डिसेंबरला सूर्य साधारण ६ वाजून ५७ मिनिटांनी उगवतो, तर १४ जानेवारीला ७ वाजून ५ मिनिटांनी. सूर्यास्त मात्र तेवढ्याच काळात ६.०९ वरून ६.२२ वर सरकलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य माथ्यावरचे उत्तर-दक्षिण वृत्त ओलांडतो तो खऱ्या मध्यान्हाचा क्षण घड्याळाच्या हिशेबाने वर्षभर मागेपुढे होत राहतो आणि या दिवसांत तो रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने उशिरा येतो. म्हणूनच आपल्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात होतो. गोव्यात ही गोष्ट ठळकपणे जाणवते, कारण येथे दिनमानातला बदलच इतका अल्प आहे की घड्याळाची ही चाल त्याच्यावर मात करते.

हा बदल अल्प का, याचे उत्तर अक्षांशात आहे. आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्धातील प्रत्येक अक्षवृत्ताचा अर्ध्याहून अधिक भाग उजेडात असतो, आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा भाग वाढत जातो. पणजी साडेपंधरा अंशांवर आहे. येथला सर्वांत मोठा दिवस १३ तास ३ मिनिटांचा आणि सर्वांत लहान ११ तास १२ मिनिटांचा. श्रीनगरला हेच आकडे सुमारे साडेचौदा तास आणि दहा तासांना थोडे कमी असे आहेत, तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. २४ जूनला येथे सांजांवच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या निमित्ताने लोक विहिरीत उड्या घेतात, त्याच सणाला पोर्तुगालच्या पोर्तो शहरात दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. आपल्याकडे त्या सुमारास आर्द्रा नक्षत्राचा पाऊस चालू असतो आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस बहुधा ढगांतच निघून जातो.

जुन्या पंचांगकर्त्यांना हे गणित उत्तम अवगत होते. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. पणजीची पलभा सुमारे ३ अंगुळे २० व्यंगुळे येते (६० व्यंगुळे म्हणजे एक अंगुळ). तिला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ यांनी गुणून मिळालेल्या तीन चरखंडांची, म्हणजे अक्षांशामुळे दिनमानात पडणाऱ्या फरकाच्या तुकड्यांची, बेरीज सुमारे ७१ पळे होते (६० पळे म्हणजे एक घटी, अर्थात २४ मिनिटे). तिची दुप्पट तीस घटींत, म्हणजे बारा तासांत मिळवली की सर्वांत मोठ्या दिवसाचे मान ३२ घटी २२ पळे, म्हणजे १२ तास ५७ मिनिटे निघते. वातावरणामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो आणि उदय-अस्त बिंबाच्या वरच्या कडेवरून धरले जातात. त्यापोटीची सात-आठ मिनिटे मिळवली, तर आजच्या आकड्याशी हे उत्तर मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने जुळते. सावली मोजण्यासाठी एक सरळ काठी आणि सपाट अंगण एवढेच साहित्य लागत असल्याने शाळांनी २१ मार्चच्या सुमारास हा प्रयोग जरूर करावा.

आता पणजीच्या आकड्यांच्या आग्रहाविषयी. पुष्कळ घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील मुंबईच्या वेळाच पाहिल्या जातात. अमुक मिनिटे वजा केली की झाले, असा ठोकताळा येथे चालत नाही, कारण मुंबई आपल्या उत्तरेला आहे तशी किंचित पश्चिमेलाही आहे. डिसेंबरअखेरीस मुंबईचा सूर्योदय पणजीपेक्षा सुमारे दहा मिनिटे उशिरा होतो, सूर्यास्त मात्र तीनच मिनिटे आधी; जूनमध्ये सूर्योदय तीन मिनिटे आधी आणि सूर्यास्त दहा-अकरा मिनिटे उशिरा. गोव्यापुरते मात्र एका ठिकाणचे दिनमान पुरेसे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत एक अंशाचेही अंतर नाही आणि जूनच्या ऐन मोठ्या दिवशीही दोन टोकांच्या दिनमानात तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक फरक पडत नाही. शिवाय हे आकडे दरवर्षी जवळपास तेच राहतात, त्यामुळे वर्षभराचे कोष्टक एकदा तयार केले की संपादकीय विभागावर रोजचा भार पडणार नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा