मोजल्याशिवाय ‘पंप टायमिंग’चे पैसे घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या धुळे येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने डायल गेज (बारीक माप दाखवणारे काट्याचे उपकरण) न लावता इंजेक्शन पंपाचे टायमिंग (पंपाने इंजिनात डिझेल नेमके कधी टाकायचे ते जुळवणे) केल्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची १९९९ सालची डिझेल गाडी आहे. गेल्या डिसेंबरात धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला. बिलात बेल्ट, टेन्शनर, मजुरी आणि खाली वेगळ्या ओळीत ‘पंप टायमिंग सेटिंग’ असे पैसे लावले आहेत. माझी तक्रार त्या एका ओळीची आहे. बेल्टच्या कामाबद्दल काही म्हणणे नाही.

गाडी घरी आणल्यावर दुसऱ्याच सकाळी त्रास सुरू झाला. हिवाळ्यात आमच्या चाळीसगाव भागात पहाटे चांगला गारठा असतो, पण ही गाडी अशा थंडीतही अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची. आता सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि सुरू झालीच तर डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर गल्लीभर पसरतो. पिकअप गेला. आईला तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेताना कन्नड घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. आजारी माणसाला घाटाच्या वळणावर उन्हात बसवून बॉनेट उघडे टाकून थांबावे लागले.

सर्व्हिस सेंटरला दाखवले तेव्हा फोरमन म्हणाले, “भाऊ, गाडी जुनी झाली, धूर मारणारच. नॉझल (डिझेल फवारणारे भाग) बदला, पंप उतरवून कामाला टाका.” बेल्ट बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत धूर न मारणारी गाडी बेल्टनंतर एका रात्रीत म्हातारी कशी झाली, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. टायमिंगचा आकडा विचारला तर म्हणाले, “मार्क जुळवले, बाकी कानाने सेट केले.”

आपल्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या रोटरी पंपाची पद्धत स्पष्ट दिली आहे. मार्क, म्हणजे चाकांवरच्या खुणा, जुळवले की टायमिंग जवळपास येते, बरोबर येत नाही. पंपाच्या मागच्या बाजूला नॉझलकडे जाणाऱ्या चार पाइपांच्या मधोमध एक बोल्ट असतो. तो काढून तिथे डायल गेज बसवायचे. इंजिन हळूहळू उलट फिरवायचे, काटा खाली येऊन थांबला की गेज शून्यावर आणायचे, मग सुलट फिरवून पहिला सिलिंडर टॉपच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या, मार्कवर आणायचा. तेवढ्यात प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल दाबणारा दांडा, किती उचलला ते गेज सांगते. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते. कान कितीही तयार असला तरी ते त्याला कळत नाही.

चाळीसगावातल्या, इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे गाडी नेली तेव्हा त्याने हात लावण्याआधी मला वाकून बघायला लावले. मधल्या बोल्टवर डिझेल आणि धुळीचा जुना काळा थर जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नव्हता. पंप आवळणाऱ्या नटांवर मात्र ताजे चकचकीत व्रण होते. म्हणजे पंप हलवला, पण मोजला नाही. फोटो काढूनच त्याने तो बोल्ट खोलला. गेज लावल्यावर लिफ्ट, म्हणजे प्लंजरची उचल, मॅन्युअलपेक्षा कमी निघाली, म्हणजे डिझेल उशिरा पडत होते. सकाळचा धूर, गेलेला पिकअप आणि घाटातले तापणे, तिन्हींचे मूळ तेच. पंप किंचित फिरवून माप बरोबर केल्यावर गाडी पहिल्यासारखी झाली. नॉझल तेच आहेत, पंप तोच आहे. फोरमनचे ऐकून पंप उतरवला असता तर केवढा खर्च पडला असता, याचा विचार आपण करावा.

न केलेल्या मोजमापाचे पैसे घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील कमतरता आहे. ‘पंप टायमिंग सेटिंग’ची पूर्ण रक्कम आणि पंपवाल्याला दिलेली मजुरी मला परत मिळावी. गाडी तापल्यामुळे हेड गास्केटला (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलला) इजा झाली आहे का, हे आपल्या खर्चाने तपासून लेखी द्यावे. यापुढे आपल्या सेंटरमध्ये अशा पंपाचे टायमिंग केले की गेजचा आकडा जॉब कार्डवर लिहिलाच पाहिजे. माझ्या जॉब कार्डवर तिथे नुसते ‘ओके’ आहे. खानदेशात अशा जुन्या डिझेल गाड्या अजून कितीतरी घरांत आहेत आणि त्यांचे मालक आपल्या सेंटरवर विश्वास ठेवून येतात.

बिल, जॉब कार्ड, पंपवाल्याची पावती आणि बोल्टचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
चाळीसगाव, जि. जळगाव