फट बुजवण्याआधी हिरड्या तपासा

दातांमधील फट एका बैठकीत बुजवून देणाऱ्या उपचारांवरील आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. कंपोझिट (दाताच्या रंगाचे भरण) आणि व्हिनियर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) यांची माहिती नेटकी आहे, पण लहानपणापासूनची फट आणि तिशी-चाळिशीत नव्याने पडलेली फट यांत लेखात फरकच केलेला नाही. आमच्या खेड्यांत दुसरीच जास्त दिसते. पूर्वी जुळलेले पुढचे दात फाकू लागले, तर बहुतेकदा हिरड्यांचा आजार आतले हाड झिजवत असतो. तंबाखूने तो आणखी बळावतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा मात्र कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, लग्नाच्या मांडवात तर आग्रहाने हातावर ठेवला जातो. अशा हलत्या दातांवर हजारो रुपयांचे लेपन म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला रंग. आधी खर्रा बंद, हिरड्यांखालच्या किटणाची सफाई, आजार आटोक्यात आल्याची खात्री. फटीचे मग पाहता येईल. पुढच्या पुरवणीत हिरड्यांच्या तपासणीवर लिहावे, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत दंतचिकित्सक कोणत्या वारी बसतात तेही छापावे.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)