जेल आणि दवाखाना, खूण मात्र एकच

लॉरेन्स, कॅन्सस
६ मे २०१८

प्रिय विन्या,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनींकडून कळलं, बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक. आता जे लिहायचंय ते सरळ लिहितो कारण सुहासला ओळखणारं इथे कोणी नाही, कुणापाशी बोलणार.

आमच्या डग्लस काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, मतदान चालू आहे. रांगबिंग काही नाही, मतपत्रिका पोस्टाने घरी येते, खूण करायची, सही करायची, परत पाठवायची, १५ तारखेला दुपारी बारापर्यंत पोचली पाहिजे. प्रश्न एकच, सेल्स टॅक्स अर्धा टक्का वाढवायचा का. त्यातून काउंटीचं जेल मोठं करणार, साधारण ४.४ कोटी डॉलर, आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी क्रायसिस सेंटर, म्हणजे अचानक बिघडलं की न्यायचा दवाखाना, त्याला १.१ कोटी. दोन्हीला मिळून एकच हो किंवा नाही. सेंटर हवंय पण एवढं मोठं जेल नको, असं म्हणायला त्या कागदावर जागाच नाही रे.

आणि मला ते सेंटर हवंय. सुहासचं बिघडलं ती रात्र तुला सांगायला नको. पोलिसांना फोन तूच केलास, त्यावरून आपण किती महिने बोललो नव्हतो, आणि दर वेळी तू एकच म्हणायचास, "दुसरं कोणाला बोलवू, नाव सांग." नाव मला तेव्हाही सांगता आलं नाही. सकाळी चौकीवर गेलो तर सुहास आपल्याला विचारत होता, मी चोरलंय काय. ते अजून कानात आहे माझ्या.

इथेही तेच चाललंय. ओसावाटोमीला सरकारी मनोरुग्णालय आहे, २०१५ मध्ये तिथे नवीन पेशंट घेण्यावर बंधन आलं, त्याच वर्षाच्या शेवटी केंद्र सरकारची मान्यता गेली. मग रस्त्यात आरडाओरडा करणाऱ्या माणसाला पोलीस नेणार कुठे? जेलमध्ये. आमच्या काउंटीचं जेल १९९९ चं, आता पुरत नाही म्हणून कैदी दुसऱ्या काउंट्यांत भाड्याने ठेवतात, बायकांची तर फारच अडचण. जेल सांभाळणाऱ्या शेरीफची बाजू मला कळते, तिथली गर्दी खोटी नाही. पण अमेरिकेत अशा जेलांमधले बहुतेक लोक कच्चे कैदीच असतात, कोर्टात गुन्हा सिद्धच झालेला नाही, बरेच जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. आधी त्यांना सोडायची सोय बघा ना, आजाऱ्यांना उपचाराला पाठवा, मग मोजा खाटा किती कमी पडतात. इथल्या चर्चवाल्यांची जस्टिस मॅटर्स म्हणून संघटना आहे, सेंटरसाठी कधीपासून भांडतायत, आणि जेल वाढवायला त्यांचाच विरोध आहे.

टॅक्सचं ऐकलंस तर तू खवळशील. कॅन्ससमध्ये किराण्यावरही पूर्ण सेल्स टॅक्स लागतो. राज्याचाच साडेसहा, काउंटी आणि सिटी धरून आत्ताच नऊच्या वर. तूरडाळ, दूध, पोरांची केळी, सगळ्यावर. २०१२ ला इन्कम टॅक्स कापला, खड्डा पडला, २०१५ ला सेल्स टॅक्स चढवला. म्हणजे ज्याच्याकडे जामिनाला पैसे नाहीत त्याच्याच पिशवीतून जेलचे पैसे. मेसचं बिल सगळ्यांना सारखं लावलं तेव्हा तू ताट आपटून उठला होतास, आठवतंय? वांग्याची भाजी भिंतीवर! तसंच ताट आपटावंसं वाटतंय.

ऑफिसमधले म्हणतात हो कर, नाहीतर सेंटरही जाईल. हाच तर राग आहे माझा. आजारी माणसाचा उपचार जेलच्या शेपटीला बांधायचा आणि म्हणायचं, दोन्ही घ्या नाहीतर काहीच नाही. मी नाहीवर खूण केली आहे. सुहाससाठीच केली आहे. सेंटरचा प्रश्न वेगळा विचारा, त्याच टॅक्सला मी आनंदाने हो म्हणेन, आणि हे काउंटी चालवणाऱ्या कमिशनर लोकांना मी पत्राने कळवणार आहे.

ईशाची दहावी कशी गेली? तुझ्या बदलीचं काय झालं, नागपूर टळलं का? सुहासच्या ताईला भेटलास तर तिला हे सगळं सांग, मला फोनवर जमायचं नाही.

मतपत्रिकेचं पाकीट उद्या टाकतोय. तुला पटलं नसेल तर रविवारी फोन कर, तुमच्या रात्री, मी घरी आहे.

तुझा,
नंदू