दुसरी किल्ली तुमच्याकडे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. माझ्या विद्यापीठाच्या खात्यातून तुमचा मोबाईल नंबर मी काढून टाकलाय. निघायच्या आदल्या दिवशीच काढला होता, पण सांगायला तोंड उघडेना.

भरवसा नाही म्हणून नव्हे हो. मागच्या खेपेला मी तुम्हाला रात्री तीनला उठवलं. चष्मा सापडेपर्यंत पहिला ओटीपी संपला, दुसऱ्यात एकाला सात वाचलं गेलं, तिसऱ्या वेळी खातं लॉक झालं. 'माझ्यामुळे पोरीचं काम अडलं' म्हणत तुम्ही उजाडेपर्यंत खुर्चीत बसून होतात, हे आईने खूप उशिरा सांगितलं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझं सिम परदेशात बंद राहणार हे मला ठाऊक होतं, सोय मीच करायला हवी होती. शिवाय एसएमएसने येणारा ओटीपी तितका सुरक्षितही नसतो. कुणी खोटी कागदपत्रं दाखवून आपल्या नंबरचं दुसरं सिम काढलं, की तो थेट त्याच्या हातात पडतो. मामाचं आठवतंय ना?

आता काय केलंय ते सांगते, म्हणजे जिवाला घोर नको. फोनवरचं एक ॲप दर 30 सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दाखवतं. त्याला ना सिम लागत, ना इंटरनेट. आई, इथली वेळ वेगळी म्हणून कोड चुकेल अशी धास्ती तू घेतली होतीस, पण तो हिशेब जगभर एकाच वेळेवर चालतो. फोनचं घड्याळ बरोबर असलं की झालं. फोनच हरवला तर बॅकअप कोड कागदावर उतरवून घेतलेत. एक कोड एकदाच चालतो, आणि कागद फोनजवळ नाही, कपड्यांच्या बॅगेत तळाशी आहे. वायफायही इथल्या विद्यापीठातलं एज्युरोम वापरते. ते 100 हून अधिक देशांत आहे आणि आपल्याच विद्यापीठाच्या लॉगिनने चालतं. हॉटेलातल्या कॉम्प्युटरवर खातं उघडणार नाही, शपथ.

आणि एक सिक्युरिटी की घेतलीय, बोटाच्या पेराएवढी. लॅपटॉपला लावून तिच्यावर बोट टेकवायचं. ओटीपी आपण फसून खोट्या साइटवरही टाकून बसतो, ही की मात्र तिथे उघडतच नाही. शाळेत जाताना तुम्ही घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घालायचात, गाठ दोनदा ओढून बघायचात. हिलाही मी काळा दोरा ओवलाय, बाबा. गाठ दोनदा ओढून बघितली.

अशा दोन किल्ल्या खात्याला जोडल्यात. दुसरी तुमच्याकडे आहे: कपाटाच्या आतल्या खणात, जुन्या पासबुकांखाली, पाकिटावर तुमचं नाव. माझी हरवली तर तीच मागवीन, म्हणून ती तुमच्याच ताब्यात हवी.

आता नीट ऐका. पाकीट जागेवरून हलवायचं नाही. 'विद्यापीठातून बोलतोय' असा फोन आला तर काही न बोलता ठेवायचा. आवाज हुबेहूब माझा असला, मी रडत असले, तरी ठेवायचा. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. मग आपल्या नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर मला फोन लावा आणि मांजरीचं पहिलं नाव विचारा, ते आपल्या तिघांनाच माहीत आहे. आई, बाबांना फोन उशाशी घेऊन झोपू देऊ नकोस. माझ्यासाठी आता रात्री काही यायचं नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि 'बरं वाटतंय' म्हणून स्वतःच बंद तर मुळीच करायची नाही. बाबा, हे तुम्हालाच सांगतेय.

नंबर काढताना स्क्रीनवर 'नक्की काढायचा?' असं आलं, तेव्हा थोडा वेळ हात थांबला होता. माझ्या पहिल्या प्रवेश अर्जापासून तोच नंबर होता.

रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते. आकडे वाचून दाखवायचे नाहीत आता, निवांत बसा दोघं समोर.

तुमची,
लेक