हेल्मेट राहू द्या डोक्यावर

आदरणीय सर,

समोर बसून तुमचे आभार मानायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा "बरं, येतो" एवढंच म्हणून जिना उतरलो. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखाच कुणीतरी कामगार नाशिकच्या अंबडला, सातपूरला, नाहीतर तिकडे पुण्याकडे भोसरीला नाईट शिफ्ट संपवून मोबाईल हातात धरून बसला असेल, त्याच्याही नजरेस हे पडावं. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

आधी ती संध्याकाळ सांगतो. जुलै महिना, गुरुवार, बारीक पाऊस. समुपदेशनासाठी तुम्ही सातची वेळ दिली होती. मी पावणेसातलाच पोचलो आणि तुमच्या इमारतीखाली गाडी स्टँडला लावून तिच्यावरच बसून राहिलो. सात वाजले, सव्वासात झाले. खालच्या झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढलं. परत फिरावं असं दहा वेळा वाटलं. तुमचा फोन आला, तो उचलला नाही. मग तुम्ही स्वतःच खाली आलात. पायात स्लीपर, हातात न उघडलेली छत्री. मला वाटलं, आता म्हणणार, "या ना वर, लाजायचं काय त्यात!" तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलात, जरा सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "वर नुसत्या खुर्च्या आहेत. इथंच बसू."

मी येऊन बसलो. सवयीनं हेल्मेटच्या पट्ट्याकडे हात गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू द्या डोक्यावर. मला ऐकू येतंय."

सर, त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. काच खाली होती. तिच्याआड मी माझ्या धाकट्या भावाचं नाव घेतलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मग आवरेना. श्वासानं काच आतून पांढरी झाली, समोरचा रस्ता दिसेनासा झाला. तुम्ही एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. रस्त्याकडे तोंड करून, माझ्या खांद्याला तुमचा खांदा लागेल इतक्या जवळ बसून राहिलात. झेरॉक्सवाला शटर पूर्ण पाडून निघून गेला तरी आपण तिथंच होतो.

भाऊ एप्रिल २०२१ मध्ये गेला, दुसऱ्या लाटेत. ऑक्सिजनसाठी मी पळालो, बेडसाठी मी पळालो, शेवटी अमरधामला पीपीई किट घालून मीच उभा होतो. घरी आल्यावर सगळे एकच म्हणाले, "तू मोठा आहेस, तूच खचलास तर या बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?" मी खचलो नाही. तेराव्यानंतर लगेच कामावर गेलो. मात्र झोप गेली ती गेलीच. रात्री अडीचला छातीत धडधड, पाठ भरून आलेली, आणि दिवसा नुसता संताप. माझ्या गाडीचा आवाज आला की पोरं टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जायची. एकदा कंपासपेटी सापडत नाही म्हणून मुलाच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. ती नजर अजून जात नाही.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. एकानं ईसीजी, टूडी इको काढला, सगळं नॉर्मल. "गॅसेस आहेत" म्हणून वर्षभर पित्ताच्या गोळ्या दिल्या. एका मोठ्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांनी पूर्ण चार मिनिटं दिली, त्यातली तीन कागदाकडे बघत. ऑनलाइन एक मॅडम मिळाल्या, त्यांनी रोज सकाळी पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. भाऊ कसा गेला हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. एक समुपदेशक तर म्हणाले, "अहो, पुरुषासारखे पुरुष तुम्ही!" त्या दिवशी मी फी भरून बाहेर आलो आणि आता कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं. कंपनीत माझ्या हातून मशीनचा ऑफसेट, म्हणजे टूलचं माप, चुकलं, अख्खा लॉट रिजेक्ट गेला. साहेब म्हणाले, घरचं गेटबाहेर ठेवून यायचं. मित्र म्हणाले, चल बसू. बसलो. पुष्कळदा बसलो. ग्लास भरायला सगळे होते, विचारायला कुणी नव्हतं. मला या सगळ्यांचा राग आहे, सर, आणि तो खोटा का लपवू? त्यांच्यापैकी एकानं जरी नीट विचारलं असतं तर माझ्या पोराच्या गालावर तो हात पडला नसता.

शोधायला गेलं तर सापडतं तरी काय? आपल्याकडे भिंतींवर "पुरुषांच्या समस्या" लिहिलेलं असतं आणि खाली लॉजचा पत्ता. पुरुषाला तेवढीच एक समस्या असते असं धरून चाललेत लोक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल काढून बघा: देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात १,२२,७२४ पुरुष. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. मी हे आकडे नंतर वाचले आणि गार पडलो, कारण त्यांच्यात जायला मला फार चालावं लागलं नसतं. एका रात्री मी १४४१६ ला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या त्या टेलिमानसच्या फुकट नंबरला, फोन लावला होता. पलीकडची ताई मराठीत बोलली, घाई केली नाही, लवकरात लवकर कुणालातरी प्रत्यक्ष भेटा म्हणाली. तिचेही आभार.

आणि आभार आमच्या टूलरूममधल्या मामांचे. रिटायरमेंटला आलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी जॉबकार्डच्या मागे तुमचा नंबर लिहून दिला आणि हळूच म्हणाले, "मी जातो तिथं. ते पुरुषांचंच बघतात." बावीस वर्षं शेजारी डबा खाल्ला आम्ही. मला काही म्हणता काही माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत मी वर आलो. तुम्ही खुर्च्या समोरासमोर नाही, खिडकीकडे तोंड करून शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. म्हणालात, बऱ्याच पुरुषांना डोळ्यात बघून बोलणं जड जातं, बरोबर चालताना, गाडी चालवताना, काम करताना ते मोकळे होतात. मला तेव्हा आठवलं, आप्पा माझ्याशी फक्त बैलगाडीत बोलायचे. तुम्ही सांगितलंत की पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडून बाहेर येत नाही. ते संताप होऊन येतं, दारू होऊन येतं, पाठदुखी होऊन येतं, म्हणून घरातल्यांना कळत नाही आणि डॉक्टरच्याही ध्यानात येत नाही. "मरणाचे विचार येतात का?" हे तुम्ही सरळ विचारलंत, आवाज न बदलता. तोवर सगळ्यांनी तो प्रश्न टाळला होता. मी हो म्हणालो आणि छातीवरचं ओझं निम्मं झालं. गोळ्या मी लिहून देऊ शकत नाही, हेही स्वच्छ सांगितलंत, आणि योग्य माणसाकडे पाठवलंत; थायरॉइड, बी-बारा बघायला लावलं; फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, मधेच सोडू नका म्हणून बजावलंत. बाकीचं काय काय केलंत ते माझं मला माहीत, इथं लिहीत नाही.

चांगली माणसं असतात, सर. लाटेत एका रिक्षावाल्यानं दोन रात्री आम्हाला सिलिंडरसकट फिरवलं आणि पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. त्याचा चेहरा मास्कमुळे मी कधी बघितलाच नाही. तुम्ही माझा बघितला नव्हता, तरी शेजारी बसलात. मी या दोन गोष्टी नेहमी एकत्र आठवतो.

गेल्या महिन्यात मुलाला मागे बसवून त्र्यंबकला गेलो. सातपूर सुटल्यावर मी त्याला त्या थोबाडीत मारलेल्या दिवसाची माफी मागितली. पुढे बघतच मागितली. तो काही बोलला नाही, पण माझ्या शर्टावरची त्याची मूठ जरा घट्ट झाली.

या गुरुवारी सेकंड शिफ्ट आहे, येणं जमणार नाही. पुढच्या गुरुवारी आठपर्यंत पोचतो. गोळी चालू आहे. बायकोनं तुमच्यासाठी नागलीचे पापड दिलेत, ते बरोबर आणतो. नाही म्हणू नका.

आपला,
अंबडचा एक कामगार