पालेर्मोची सांतुत्सा

पालेर्मो, 6 सप्टेंबर

प्रिय मन्या,

"तिकडे देवबिव मानतं का रे कुणी?" असं तू परवा विचारलंस. मानतात, आणि चांगलं भांडून मानतात.

पालेर्मो म्हणजे इटलीतल्या सिसिली बेटावरचं शहर, आणि इथली राखणदार संत सांता रोजालिया. लोक लाडानं सांतुत्सा म्हणतात. बाराव्या शतकातली सरदारघराण्यातली पोर. घरदार सोडून मोंते पेल्लेग्रिनो डोंगरातल्या गुहेत एकटी राहिली आणि तिथेच वारली, अशी कथा. तिच्याआधी शहर सांभाळायला आगाता, क्रिस्तिना, निन्फा आणि ओलिवा या चौघी संत होत्या. भर चौकात अजून त्यांचे पुतळे आहेत. 1624 मध्ये ट्युनिसहून आलेल्या जहाजातून प्लेग आला आणि चौघींचं काही चालेना. त्याच जुलैत गुहेत हाडं सापडली. पण आर्चबिशप, म्हणजे इथला मुख्य धर्मगुरू, दोरिया सावध माणूस, ती रोजालियाचीच असं मान्य करेना.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो विंचेन्झो बोनेल्ली, साबणवाला. बायको प्लेगनं गेली म्हणून हा जीव द्यायला डोंगर चढला. तिथे म्हणे रोजालिया भेटली: आर्चबिशपला सांग, हाडं माझीच, शहरातून मिरवा. निरोप पोचवून बिचारा स्वतःही प्लेगनंच गेला. 9 जून 1625 ला मिरवणूक निघाली आणि साथ ओसरली. एवढ्या गर्दीनं ती वाढली कशी नाही, हे तू विचारणारच. पुढे ऑक्सफर्डच्या बकलंड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं ही हाडं बकरीची ठरवली, असं सांगतात. इथल्या भाजीवाल्याला हे ऐकवून बघ एकदा!

दरवर्षी 14 जुलैच्या रात्री तिचा रथ निघतो, महापौर त्यावर चढून तिचा जयजयकार करतात, आतषबाजी होते, लोक लसूण घातलेल्या गोगलगायी चोखत बसतात. झकास असतं, पण तो सरकारी थाट. खरं बघायचं ते 3 सप्टेंबरच्या रात्री. जुन्या फरसबंद वाटेनं माणसं पायी वर जातात, काही अनवाणी, नवस असेल तर शेवटचा टप्पा गुडघ्यांवर. आपला वणीचा गडच म्हण.

वर चर्चचा दर्शनी भाग कातळाला चिकटवलाय, आत सरळ गुहा. छतातून सतत पाणी ठिबकतं. ते माणसांच्या डोक्यावर पडू नये म्हणून वर पत्र्याच्या वाकड्यातिकड्या पन्हळी लावल्यात. पाणी त्यांतून गोळा होतं आणि लोक ते तीर्थ मानतात. खाली काचेआड आडवी संगमरवरी रोजालिया, अंगावर सोन्याचा झगा. तो बूरबाँ घराण्यातल्या राजा तिसऱ्या चार्ल्सनं दिलेला. जर्मन कवी गटे 1787 मध्ये येऊन गेला, त्यालाही तिनं बराच वेळ खिळवून ठेवलं.

पण मी तिच्यापेक्षा शेजारच्या बाईकडेच बघत राहिलो. कपाळाला कुंकू, अंगावर साडी, हात जोडलेले. युद्धामुळे श्रीलंका सोडलेली बरीच तमिळ कुटुंबं इथे आहेत, बहुतेक हिंदू. एरवीच्या रविवारीही ती डोंगर चढतात. बाईनं मेणबत्ती लावली, पुटपुटली, पोराच्या कपाळाला ते पाणी लावलं. मागच्या सिसिलियन आजीबाई तिला "आटप" म्हणाल्या, तशा त्या सगळ्यांनाच म्हणत होत्या. साबणवाल्याला तरी कुठे कुणी आधी धर्म-पत्ता विचारला होता?

पुढच्या वर्षी सप्टेंबरात रजा टाक. बूट चांगल्या पकडीचे आण, वाटेचे दगड घासून गुळगुळीत झालेत. आणि मेतकूट, जमलं तर किलोभर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या