मापून दाखवणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कामाचे पैसे मी गाडी नेतानाच चुकते केले आणि आपणही हिशेब मिटला म्हणून मोकळे झालात. परंतु त्या कामात आपण जी सचोटी दाखवलीत ती बिलात मावणारी नव्हती, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण गॅरेजमध्ये नाडली गेलेली माणसे पावलोपावली भेटतात आणि त्यातून वाचावे कसे हे गाडीखाली नेऊन दाखवणारा माणूस मात्र क्वचित भेटतो. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे, आणि ज्यांनी मला पहिले एस्टिमेट दिले त्यांचेही नाव मी घेत नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून मी गाडी त्या गॅरेजमध्ये नेली होती. तेथे स्कॅनर जोडला गेला, पी०४२० हा कोड आला आणि लगोलग निकालही लागला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातील घातक वायू कमी करणारा भाग, गेला आहे, नवा टाकावा लागेल. मग यादी वाढत गेली. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क, पॅड, इंजेक्टरची सफाई, इंजिन फ्लश म्हणजे इंजिन आतून धुणे, असे सगळे मिळून कागदावर एकच ठोक रक्कम लिहिली होती. त्यात पार्टचे किती, लेबरचे किती, पार्ट कंपनीचा की बाहेरचा, काहीच नव्हते. “ब्रेकचा भरवसा नाही, अशीच नेलीत तर जबाबदारी तुमची,” हे वाक्य ऐकल्यावर मुलांना याच गाडीतून शाळेत सोडणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. भीती दाखवून घेतलेला होकार हा माझ्या मते होकारच नव्हे.

तो कागद घेऊन मी आपल्याकडे आलो. आपण तो वाचलात, त्या गॅरेजविषयी एकही वावगा शब्द काढला नाहीत आणि म्हणालात, “आधी तपासू. तपासणीचे पैसे वेगळे लागतील, आणि काही निघाले नाही तरी लागतील.” त्यानंतर त्या कोडचा अर्थ आपण मला समजेल अशा भाषेत सांगितलात. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर मागच्या सेन्सरचा सिग्नल बराचसा स्थिर राहतो, आणि तो पुढच्यासारखा वरखाली होऊ लागला की गाडीचा कॉम्प्युटर कन्व्हर्टरची क्षमता कमी झाल्याची नोंद करतो. कोड म्हणजे एवढी नोंद. पार्ट बदलण्याचा हुकूम त्यात नसतो, कारण सेन्सर बिघडला किंवा त्याच्या आसपास एक्झॉस्टच्या पाइपात बाहेरची हवा शिरत असली, तरी हीच नोंद होऊ शकते.

आणि झाले होते तसेच. इंजिन पूर्ण थंड असताना आपण ते सुरू केलेत आणि मला वाकून कान द्यायला लावलात. खालून बारीक टकटक येत होती. इंजिन तापून धातू फुगला तशी ती मंदावत गेली. मग रॅम्पवर गाडी चढवून आपण बॅटरीचा झोत कन्व्हर्टरच्या अलीकडच्या जोडावर टाकलात, तेव्हा पॅकिंगच्या फटीतून बाहेर आलेला काजळीचा काळा ओघळ मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. पॅकिंग बदलले, गंजलेले बोल्ट बदलले, काम संपले. दिवा विझला तरी आपण हातावर हात घासून विषय संपवला नाहीत. कोड पुसल्यावर दिवा विझणारच, गाडी काही काळ नेहमीसारखी चालल्यावर कॉम्प्युटर स्वतःच्या चाचण्या पुन्हा घेतो आणि त्यानंतरच खरे काय ते कळते, असे सांगून आपण मला परत बोलावलेत आणि चाचणी पार पडल्याचे स्कॅनरवर दाखवलेत.

कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो महाग असतो आणि म्हणूनच काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरलाही मोल असते, ही माहितीही आपणच दिलीत. पहिल्या एस्टिमेटमध्ये जुन्या पार्टचा उल्लेखही नव्हता.

ब्रेकच्या बाबतीत तर आपण मला केवळ सांगितले नाहीत, मापायलाच लावलेत. चाक काढून डिस्कवर कोरलेली किमान जाडी आपण मला वाचायला सांगितलीत. ती २२ मिलिमीटर होती, आणि मायक्रोमीटरवर आकडा आला २३.१. पॅड पाहताना बाहेरचा दिसतो तेवढाच पाहून भागत नाही, आतला पॅड पुष्कळदा अधिक झिजतो, म्हणून आपण दोन्ही काढून दाखवलेत; आतल्यावर ६ मिलिमीटर थर शिल्लक होता, आणि साधारण ३ मिलिमीटरवर आल्यावर पॅड बदलायचे असतात. ब्रेक ऑइल मात्र बदलायला झाले आहे, असे आपण स्पष्ट बजावलेत. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरल्यावरची मर्यादा १५५ अंश आहे. घाटउतारावर सतत ब्रेक लागतात तेव्हा हा फरक जिवावर बेतू शकतो. ज्यांनी मला ब्रेकची एवढी धास्ती घातली त्यांच्या लांबलचक यादीत नेमके हेच काम नव्हते, याचा मला आजही राग येतो.

इंजिन फ्लशविषयी आपण फार बोलला नाहीत. ऑइल काळे दिसते ते त्यातील डिटर्जंट काजळी धरून ठेवतात म्हणून, आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत जे काम लिहिलेले नाही त्याचे कारण मागावे, एवढेच म्हणालात.

मला सर्वांत अधिक आभार मानायचे आहेत ते आपण तपासणीचे पैसे वेगळे लावलेत याबद्दल. आम्हा ग्राहकांना तपासणी फुकट हवी असते. “नुसते बघण्याचे कसले पैसे” हे वाक्य आपल्या कानावर रोज पडत असणार. परंतु दोष शोधणे हेच या धंद्यातील सर्वांत कौशल्याचे काम आहे, आणि त्याचा मोबदला मिळत नसेल तर गॅरेजला तो पार्टच्या विक्रीतून काढावा लागतो. मग अंदाजाने पार्ट बदलत जाण्याचा मोह कसा आवरणार? आपल्याला कन्व्हर्टर विकून जे मिळाले असते त्याच्यापुढे पॅकिंगचे पैसे काहीच नव्हते, तरीही आपण पॅकिंगच सांगितलेत, कारण आपल्या शोधाची किंमत आपण उघडपणे मागितली होती आणि मी ती दिली होती. चुकीचे निदान आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक यांतला फरक ग्राहकाला बहुधा ओळखता येत नाही. माप, काढलेला पार्ट आणि बाबवार लिहिलेला कागद हाती असला म्हणजे तो ओळखण्याची वेळच येत नाही.

आपण दिलेल्या कागदाची प्रत मी काही परिचितांना दाखवली आहे. पार्ट, लेबर आणि तपासणी वेगवेगळी लिहिलेली, खाली “जुने पार्ट परत दिले” अशी नोंद आणि आपली सही असलेला तो कागद पाहून त्यांनीही आपापल्या गॅरेजमध्ये तसाच मागायला सुरुवात केली आहे. त्यांपैकी काही जण तपासणीचे पैसे द्यायच्या तयारीने लवकरच आपल्याकडे येतील. त्यांनाही गाडीखाली बोलवून दाखवावे, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक